युवराजचा मशीनचा सूट

केजच्या स्टँडवर माझ्या शेजारी एक नवराबायको बसले होते. फौजेतल्या त्यांच्या मुलाचा फोन नुकताच नवऱ्याला येऊन गेला होता.

"काय म्हणला युवराज?"

"हातापायाला मशीनचा सूट बांधून बघायलेत म्हणं. पोत्याएवढं वझं घेऊन डोंगर चढला, गुडघं दुखलं न्हाईत."

"बरं झालं की! आन् बॅटरी संपली तर?"

"तर सूट बी त्यानंच वहायचा."

"आगं बया! मग लढाईत काय कामाचा?"

"लई कामाचा. जखमी गडी एकट्यानं उचलून आणता येतो."

"त्यात माघारी पळता येतं का?"

"माघारी? कावून?"

"असंच."

"मंजुळा, फौजी माणसाला असं इचारत न्हाईत."

"तुमी नका इचारू. फोन लावून द्या, मी इचारते."