नोझल आन् भंडारा

मूळचं आमी आटपाडीकडचं, धनगराचं. बाप मेंढरं घिऊन हिंडायचा, पावसाळा सोडला तर गावात न्हाईच. म्या मातर मेंढरामागं गेलो न्हाई. कुंडलच्या फाट्यावर एका मिस्त्रीच्या हाताखाली पान्हं द्याला लागलो आन् तितंच जलम गेला. आता माजं सोताचं गॅरेज हाय, ट्रकचं. पर काय सांगू तुमाला, ह्या धंद्याचा वीट आलाय बगा, शिसारी येती. डिझेलात भेसळ, स्पेअरात डुप्लिकेट, आन् माणसात त्याच्याहून जास्त. कुणाला काय बी सांगा, म्हणत्यात चालतंय की. फिल्टर बदला म्हणावं, चालतंय की. थुकावं वाटतंय त्या शब्दावर.

तर तुमी नोझलचं इचारलं. कंपनीची पोरं इंजेक्टर म्हणत्यात, आमी आपलं नोझल, इंजनात डिझेल फवारती ती. पयल्या गाड्यांचं काम रांगडं हुतं, काढलं, घासलं, बशिवलं, गाडी निघाली. आत्ताचं लय नाजूक. नोझलची भोकं डोळ्याला दिसत न्हाईत, जरा कचरा गेला की मेलीच ती. म्हणून मी नोझल बसवाय घेतलं की गॅरेजात झाडू मारू देत न्हाई, फडकं नवं घेतो, तांब्याचं वायसर नवं, आन् हर एक नोझलवर नंबर असतोय त्यो लॅपटॉपवरनं इंजनाला सांगाय लागतोय, हितं ही नवी आली म्हणून. न सांगता बशिवलं तर इंजान नीट नांदवत न्हाई तिला. नव्या सुनंगत बगा.

सुनंवरनं आठवलं, म्हंजी त्येच सांगायचंय. माजी रूपाली, एकुलती एक पोरगी, तिकडंच आटपाडीकडं दिली. ट्रक व्याह्यांचा, चालवतोय जावई. औंदा चैतात त्यांची गाडी आली माज्याकडं, काळा धूर, वडत न्हाई, सहाच्या सहा नोझल गेल्याल्या. म्या नव्या घातल्या, ओरिजनल, डब्याचं शील व्याह्यांच्या म्होरं फोडलं. गाडी अशी घुमाय लागली की व्याही खूश, म्हणालं पयली बिरोबाच्या जत्रंला न्हेतो. न्हेली. त्यात वावगं काय न्हाई, आमचा बी त्योच देव, माज्या देवळीत बी भंडाऱ्याची पिशवी हाय.

आन् थोड्याच दिसांत गाडी ट्रॅक्टरला बांधून परत. व्याही उतरलं, मागनं जावई, त्याच्या मागनं रूपाली, हातात कापडाची पिशवी. मला वाटलं पोरगी भेटाय आली, म्या चहा सांगाय लागलो. व्याही म्हणालं, चहा ऱ्हाऊ द्या पावनं, नोझल डुप्लिकेट घातलीसा, आन् पोरगी बी तसलीच दिलीसा, लगीन हून दोन वर्सं झाली, पाळणा न्हाई घरात. दोनी माल परत घ्या.

माज्या हातात पान्हा हुता. त्यो म्या खाली ठिवला, म्हटलं हातात ऱ्हायला तर डोस्क्यात घालीन मी ह्येच्या. चार गिऱ्हाइकं उभी, शेजारचा पंक्चरवाला उभा, सगळ्यांनी ऐकलं. पोरगी पिशवीचा बंद पिळाय लागली. आन् जावई? अळीमिळी गुपचिळी. बाप ह्येच्या बायकूला असं बोलतोय आन् ह्यो सोताची चप्पल बगतोय. व्याह्यापरास त्याचीच किळस आली मला.

म्या सरळ फिल्टर उतरवला. आतनं पिवळा गाळ, मुलतानी मातीवानी. बोटावर घिऊन वास घेतला, डिझेलच्या आडनं हळद. म्हंजी भंडारा! आन् फिल्टरचा कागद भोसकल्याला. ड्रायव्हर लोकांची ही एक घाण खोड हाय, वाटंत फिल्टर तुंबला की स्क्रूडायवर घिऊन भोसकायचं, डिझेल सरळ आत, गाडी पळती, चालतंय की. सगळी घाण गेली नोझलला.

म्या म्हटलं पावनं, टाकीत भंडारा पडलाय. व्याही भडकलं. म्हणालं आता देवावर घालता व्हय, आन् कमरंची पिशवी सोडली, मूठ भरली, म्होरं केली. म्हणालं उचला भंडारा, म्हणा ओरिजनल घातली म्हणून. तुमाला म्हाईत असंल, आमच्यात भंडारा उचलून कुणी खोटं बोलत न्हाई, वंश बुडतोय म्हणत्यात. म्या उचलला. म्हटलं ओरिजनल घातली. मग जावयाला म्हटलं, आता तुमी उचला, फिल्टर कुणी भोसकला सांगा. त्याचा हात काय वर हुईना. घाम आला त्याला, पर हात न्हाई आला.

तवा रूपाली म्होरं झाली. डोक्यावर पदर घेतला, सासऱ्याच्या हातातनं भंडारा घेतला, म्हणाली मामा, टाकीचं झाकण तुमी मलाच धराय लावलं हुतं. डिझेलला बरकत येऊ दे म्हणून पिशवी उलटी केलीसा. वाटंत गाडी बंद पडली तवा ह्यांनी फिल्टर भोसकला, मी केबिनीत हुते. व्याही म्हणालं म्हंजी देवानं बिघडवली गाडी? ती म्हणाली, देवानं टाकीत टाक म्हणून कवा सांगितलं तुमाला? आन् पाळण्याचं म्हणाल तर डाक्टरकडं मी एकलीच गेले, ह्यांना चला म्हटलं तर येत न्हाईत.

व्याह्यांनी मूठ झटाकली आन् तिला म्हणालं चल, यष्टी गाठू. ती म्हणाली, माल परत केलाय न्हवं तुमी? मग मी हितंच.

गाडी म्या केली नीट. मन व्हत नव्हतं, पर इंजनाचा काय दोष? टाकी उतरवली, धुतली, हळदीचा वास जाईस्तवर धुतली, नळ्या, पंप, परत सहा नोझल. गाडी जावई घिऊन गेला. पोरीला न्हाई न्हेलं.

आता पंचमी झाली. लोक तोंडावर म्हणत्यात, पोर पंचमीला आली का व्हय? म्या म्हणतो व्हय, आली, आन् ही असली उत्तरं द्यायची बी किळस येती मला. दर बाजारादिशी जावई येतोय. गाडी रस्त्याच्या कडंला लावतोय, उतरत न्हाई, नुसता हॉर्न वाजवतोय. ही चूल सोडत न्हाई. म्या म्हटलं बाळ, सासऱ्याला बोलावतो, चार माणसांत शब्द माघारी घ्याला लावतो. म्हणाली न्हाई आबा, त्यांचं मला काय न्हाई. ह्यांनी आत येऊन बोलावं. चल म्हणावं, चुकलं म्हणावं, काय बी म्हणावं, पर तोंडानं म्हणावं.

काल बी वाजवून गेला. म्या देवापुढं उभा ऱ्हायलो. पयलं मागायचो पोरीला लेकरू दे. आता म्हणतो देवा, त्या जावयाला तोंड दे. दुसरं काय मागू, सांगा तुमी.