जाहिरात संपेस्तोवर

सुगंधाबाई : प्रतीक्षाच्या बारशाच्या साली झालेली गोष्ट अजून मनात धरून बसलीस व्हय, अंबिका? दोन वर्षं झाली की.

अंबिका : माझ्या लेकीचं बारसं दोन हजार पाचला झालं, आत्याबाई. टीव्हीवाले त्याच साली पहिल्यांदा आले. विसरायला मी काय तान्ही न्हाई.

सुगंधाबाई : आता बाहेर ये, बाई. मल्लिकार्जुननं यंत्रात तूर घातली, डाळीच्या जागी नुसता भुगा पडायलाय. ती टीव्हीवाली तोंडाला रुमाल लावून हसायलीय. समदा जिल्हा आत्ताच्या आत्ता बघायलाय म्हणं.

अंबिका : तुरीला तेल लावून वाळवलं होतं का?

सुगंधाबाई : मला काय ठाव? त्यालाबी न्हाई ठाव.

अंबिका : भावजी तर इंजिनियर हायत. टीव्हीनंच सांगितलं होतं.

सुगंधाबाई : टोमणे नंतर मार. जाहिरात लावलीय म्हणून जरा उसंत हाय. यंत्र तू बनवलंस, कोण न्हाई म्हणतंय?

अंबिका : त्या दिवशी कोण व्हय म्हणालं? यंत्र चालू करून मी उभी होते. मामंजी ओसरीवर आले, तशी मी घरच्या रीतीनं पदर घेऊन आत आले. तेवढ्यात भावजी यंत्राला टेकून उभे. मामंजी त्या लोकांना म्हणाले, पोरानं बनवलंय, बाईमाणसाला यंत्रातलं काय कळतंय. मग मला चुलीपुढं बसवलं, भाकर थापायला लावली. टीव्हीवर नाव काय दिलं? 'इंजिनियर साहेबांची अन्नपूर्णा वहिनी.'

(सिद्धाप्पा दारात येतात. अंबिका पदर ओढून भिंतीकडं तोंड करते.)

सिद्धाप्पा : चल, पोरी. घराची आब्रू जायलीय.

अंबिका : आत्याबाई, मामंजींना सांगा, सून सासऱ्यासमोर येत न्हाई.

सिद्धाप्पा : सोडली मी रीत.

अंबिका : विचारा, माझी आब्रू गेली तवा कामून न्हाई सोडली?

सुगंधाबाई : ऐकलं की त्यांनी. मी मधी काय सांगू?

सिद्धाप्पा : काय पाहिजे, विचार तिला.

अंबिका : भावजींनी बाजूला व्हायचं. मामंजींनी त्या बाईपुढं म्हणायचं, यंत्र हिनं बनवलं, मी खोटं बोललो. मग मी येते. तेल लावून वाळवलेली तूर कोठीत तयार हाय.

सुगंधाबाई : तयार? म्हणजे असं होणार, तुला ठाव होतं?

अंबिका : टीव्हीवाल्यांना फोन मीच केला. चालू यंत्र थेट दाखवा म्हणून.

सुगंधाबाई : हाका मारायलेत, अवो. जाहिरात संपली.

सिद्धाप्पा : सांगतो. माझ्या सुनेनं बनवलं म्हणतो. बास?

अंबिका : सून न्हाई. कमलनगरच्या ग्यानबाची लेक म्हणायचं. माझ्या अप्पांनी त्या दिवशी पेढे वाटून समदी गल्ली टीव्हीपुढं बसवली होती. लेक भाकर थापताना दिसली, तसे लोक हसत उठून गेले. अप्पा टीव्ही बंद करायचंबी विसरले.

सिद्धाप्पा : म्हणतो. ग्यानबाची लेक.

अंबिका : अन् मामंजी, एवढंबी सांगा. ग्यानबा हे बघायला न्हाईत. दोन हजार पाचच्या दिवाळीत, पाडव्याला वारले.