हम असलेला सेट टेबल सोडत नाही

सन्माननीय अध्यक्ष महाशय, व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते जुने रेडिओ प्रेमी मंडळाचे संस्थापक, म्हणजे नात्याने माझे भाऊजी, आणि पंखे बंद असूनही उठून न गेलेल्या श्रोतेहो,

पंखे मीच बंद करायला लावलेत. त्यांची घरघर माइकमध्ये येते, अशी काही सभासदांची तक्रार होती. आपलं मंडळ कशासाठी जगतं, हे पाहुण्यांच्या ध्यानात आलंच असेल.

भाऊजी उद्या मुलीकडे कायमचे राहायला चाललेत. त्यांच्याविषयी मी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा झाली. चार शब्दांत भाऊजी मावतात होय?

पाहुण्यांसाठी थोडा खुलासा करतो. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओत कधीकधी कार्यक्रमाच्या मागे एकसारखा घूंऽऽ असा आवाज येतो. त्याला आम्ही ‘हम’ म्हणतो. चारचौघं हमकडे दुर्लक्ष करून बातम्या ऐकतात. आमचे सभासद बातम्यांकडे दुर्लक्ष करून हम ऐकतात. आणि भाऊजींनी पहिल्याच सभेत नियम घालून दिला, की हम असलेला सेट टेबल सोडणार नाही. टेबल म्हणजे भाऊजींच्या पुढच्या खोलीतलं, दुरुस्तीचं. तिथून सेट उचलायची कोणाची बिशाद होती?

या टेबलावर सगळ्यात लांब मुक्काम कोणाचा पडला असेल? माझ्या ताईच्या रेडिओचा. लग्न होऊन ती निघाली, तेव्हा वडिलांनी स्वतःचा रेडिओ तिच्या हाती दिला. नव्या घरी भाऊजींनी तो टेबलावर ठेवला, कान लावला आणि म्हणाले, “जरा हम आहे. रविवारी काढून देतो.” तो रविवार काही उगवला नाही. मधल्या काळात त्यांना मुलगी झाली, ती शिकली, नोकरीला लागली, तिचं लग्न झालं.

भाऊजींनी आळस केला असं मात्र कोणी म्हणू नये. आवाजाचं बटण शून्यावर आणलं तरी हम राहतो, म्हणजे दोष वीजपुरवठ्यात. फिल्टर कंडेन्सर बदलले. हम राहिला. शेवटचा व्हॉल्व्ह बदलला, ट्रान्सफॉर्मर नव्याने गुंडाळला, हम आपला जागच्या जागी. ताई चहा घेऊन यायची आणि म्हणायची, “अहो, बोलतोय ना तो? मग द्या की मला.”

“असा कसा देऊ? हम आहे.”

“मला चालेल.”

“मला नाही चालणार.”

अध्यक्ष महाशय, आपलाही सेट या टेबलावर नापास झाला होता. आपण वैतागून, एकदाच नियमाला मुरड घालून, तो शेजाऱ्याला देऊन टाकलात. शेजारी म्हणाला, हम वगैरे काही नाही, छान चालतो. तेव्हा आपण खास सभा बोलावलीत आणि शेजाऱ्याने कान तपासून घ्यावेत, असा ठराव केलात. अनुमोदन भाऊजींचं होतं.

आता कालची गोष्ट. सामान न्यायला ट्रक आला. भाऊजी ताईला म्हणाले, “तुझा सेट मंडळाकडे ठेवू. हम गेला की पाठवतील.” ताई कधी आवाज चढवत नाही. काल चढवला. “वडिलांची एवढी एकच वस्तू आहे माझ्याकडे. ती इथे राहणार असेल, तर मीही इथेच राहते. तुम्ही खुशाल जा.”

तेवढ्यात हमालाला टेबल हलवायचं होतं. त्या बिचाऱ्याला आपल्या मंडळाची घटना काय ठाऊक? त्याने सेट उचलला आणि सरळ स्वयंपाकघराच्या ओट्यावर नेऊन ठेवला. ताईने पिन लावली. सेट तापला आणि बोलू लागला. स्वच्छ. हवामान कोरडं राहील असं कोणीतरी सांगत होतं, आणि ताई ओट्याला टेकून रडत होती.

भाऊजी स्क्रूड्रायव्हर घेऊन धावले. कान लावला. हम नाही. सेट पुन्हा टेबलावर नेला, तर घूंऽऽ. शेवटी त्यांनी टेबलावरची ट्यूबलाइट बंद केली आणि सगळं शांत झालं. त्या ट्यूबचा चोक त्यांनी स्वतः टेबलामागच्या फळीला, सेट ठेवायच्या जागेला अगदी खेटून बसवला होता. रेडिओत शिरत होती ती त्याची घूंघूं. पण दिवा विझवून रेडिओ कोण तपासतो? आणि सेट दुसरीकडे नेऊन बघायचा, तर नियम आड येत होता.

कार्यकारिणीने आज दुपारी यावर तातडीची बैठक घेतली. संस्थापकांची आठवण म्हणून ते टेबल ट्यूबसकट मंडळाच्या खोलीत मांडावं आणि नियम आहे तसाच पाळावा, असं एकमताने ठरलं. टाळ्या नंतर वाजवा.

ताई का आली नाही, असं सगळे विचारताहेत. मघाशी मी दोघांना आणायला गेलो होतो. खोल्या रिकाम्या झाल्यात. जमिनीवर रेडिओ चालू होता आणि ताई भिंतीला टेकून बसली होती. भाऊजी कपडे करून दारात उभे. म्हणाले, “अगं, माझा सत्कार आहे. चल की.”

ताई म्हणाली, “तुम्ही या जाऊन. माझं इतक्या वर्षांचं ऐकायचं राहिलंय.”

भाऊजी इस्त्रीच्या कपड्यांनिशी तिच्याजवळ खाली बसले. आम्हाला इथे यायला उशीर झाला तो त्यामुळे. मंडळींनी खोळंबा सोसला, त्याबद्दल दोघांच्या वतीने मनापासून आभार. जीभ कुठे घसरली असेल, तर घरचा माणूस म्हणून पदरात घ्या. आणि अध्यक्ष महाशय, आपलं भाषण तेवढं थोडक्यात आटपा. भाऊजींना घरी जायचंय.