‘अज्ञात’मधला त

भाची : मामा, चष्मा किती पुसाल? काच झिजेल! ही चिठ्ठी बघा.

मामा : बघितली गं. जुनाट कागद आहे.

भाची : जुन्या पाळकसाहेबांच्या फाइलीत होती. चर्चमध्ये गातो त्या गीताचं चौथं कडवं. ‘हात भिजले धुण्यात, प्रभू, मन मात्र कोरडे.’ नव्या गीतपुस्तकासाठी दोन वर्षं मी याचा कवी शोधतेय, चर्चची कपाटंच्या कपाटं उपसली. आणि इथे सही आहे, ‘अज्ञान’. पहिल्या गीतपुस्तकाचे शिशाचे अक्षर-खिळे तुम्ही जुळवलेत, त्यात मात्र ‘अज्ञात’!

मामा : ‘न’च्या खणात ‘त’चा खिळा पडला असेल. छापखान्यात व्हायचं असं.

भाची : असा लंगडा ‘क’ माझ्या आईशिवाय कोण काढतं? सही करताना अजून तसाच काढते. आजोबा तिला काय हाक मारायचे, सांगा ना.

मामा : ‘आमचं अज्ञान कुठाय?’ अशी. मला शाळेत घातलं आणि तिला लोकांच्या धुण्याला. अक्षरं तिनं माझ्याच पाटीवर गिरवली.

भाची : म्हणजे चिठ्ठी कुणाची ते तुम्हाला ठाऊक होतं.

मामा : होतं. माझा डबा घेऊन ती छापखान्यात यायची. बाबांची ती हाक तिथंही पोचली होती; ‘अज्ञानाचा भाऊ’ म्हणून खिदळायचे तिथले मेले. आता तेच नाव मी माझ्या हातानं जुळवायचं? लाज वाटली गं. एक खिळा बदलला. एकच.

भाची : आईनं काही विचारलं नाही?

मामा : विचारलं ना. मी म्हटलं, ‘ताई, तुझं शुद्धलेखन चुकलं होतं, मी सुधारलं.’ मान डोलावली तिनं. पुन्हा एक ओळ लिहिली नाही, की ते कडवं आपलं म्हणून कुणाला सांगितलं नाही. मला रोज दिसत होतं, आणि मी मूग गिळून बसलो.

भाची : उद्या पुस्तक छपाईला जातंय. तुम्ही सांगता की मी सांगू?

मामा : कोणत्या तोंडानं सांगू?

भाची : ज्या तोंडानं खोटं बोललात, त्याच. आई! जरा बाहेर ये गं.

(ताई ओले हात पुसत येते.)

ताई : काय खलबतं चाललीत मामा-भाचीची? आणि हा रडतोय कशाला? तू बोललीस का गं त्याला काही?

मामा : ताई, तुझ्या कडव्याखालचं ‘अज्ञान’ मी मुद्दाम बदललं. मला तुझी लाज वाटली होती. तुझी चूक नव्हतीच. मार मला हवं तर.

ताई : थांब रे. लाजेचं राहू दे बाजूला. माझं शुद्धलेखन...

मामा : बरोबर होतं.

ताई : सगळं?

मामा : काना-मात्रेसकट सगळं.

ताई : अगं बाई! अरे, साधी सामानाची यादीसुद्धा मी हिच्याकडून लिहून घेत आले.