अर्धी अनामिका

दर्शना : कुणाला विम्याचा क्लेम हवा असतो, कुणाला बसून करायची ड्यूटी. तुम्हाला काय हवंय, दादा? न तपासताच मी ‘हात बधिर’ म्हणून लिहून दिलं, तर तुमच्या पदरात काय पडणार?

देवेश : हळू बोला ना मॅडम. ताई बाहेर काउंटरवर आहे.

दर्शना : म्हणजे फायदा ताईकडून आहे.

देवेश : फायदा कसला! आई अंथरुणावर आहे, खुब्याचं हाड मोडल्यापासून. पंधरा दिवस ताईकडे मुलुंडला, पंधरा दिवस माझ्याकडे इथे कांदिवलीत, असं ठरलेलं.

दर्शना : आणि?

देवेश : फेब्रुवारीत एकदा झोपेत हात अंगाखाली दबला. मुंग्या आल्या, आईशपथ खऱ्या मुंग्या! ताईला फोनवर म्हटलं, हात जड पडलाय गं. ती म्हणाली, मग राहू दे, या वेळी मीच ठेवते आईला.

दर्शना : मुंग्या किती वेळ होत्या?

देवेश : चहा होईपर्यंत.

दर्शना : आणि आता ऑक्टोबर चालू आहे. आठ महिन्यांत तुमच्या वाट्याचे आठ पंधरवडे. एका कप चहात सगळे सुटले. झकास सौदा आहे.

देवेश : तसं नाही हो. आईचं करायचं म्हणजे न्हाऊ घालणं, भांडं देणं... मुलाच्या हाताने आईचं कसं करायचं? मला लाज वाटायची.

दर्शना : मग तसं सांगायचं.

देवेश : लाज वाटते हे सांगायचीच जास्त लाज वाटली. हात बधिर आहे म्हणणं सोपं गेलं. मला काय माहीत, ही इथे नंबर लावेल! म्हणते, एवढे महिने अंगावर काढू नकोस.

दर्शना : हात द्या इकडे. कुठून कुठवर बधिर म्हणून सांगितलंय त्यांना?

देवेश : इथून, मनगटापासून पुढे सगळा. पाचही बोटं.

दर्शना : बरोबर बांगडीच्या रेघेवर थांबतो होय? रचून सांगणारे सगळे तिथूनच कापतात.

सुगंधा : येऊ का गं बाय आत? पावती झाली. शॉक देतात म्हणे? याला लहानपणी साधी सुई सोसायची नाही. देवा, तिकडे नको बघू, माझ्याकडे बघ.

दर्शना : या मावशी, बसा. दादा, हे मशीन तुमच्या मेंदूला विचारायला जात नाही हं. मनगटावर मी नसेला टिचकी मारणार. बोटातल्या या रिंगांपर्यंत निरोप पोचला, की स्क्रीनवर डोंगर उठणार. तुम्ही हो म्हणा, नाही म्हणा, त्याला घेणंदेणं नाही. ही घ्या पहिली.

देवेश : आई गं!

सुगंधा : केवढ्यानं उडाला अंगठा!

दर्शना : डोंगरही आला. आता कोपरावर देते. तिथूनही वेळेत येतोय. नस ठणठणीत आहे, मावशी.

देवेश : मशीन बिघडलंय.

दर्शना : काय म्हणालात?

देवेश : बिघडलंय म्हणतो. एखाद्या धडधाकट माणसाला लावून बघा, म्हणजे कळेल. ताई, तू बस. बस गं, दोन मिनिटं.

सुगंधा : माझं कशाला मेल्या? शेजारच्या मानसीला आईजवळ बसवून आलेय, तिला क्लासला जायचंय.

दर्शना : बसाच मावशी. पुढचा पेशंट अजून आलेला नाही. होऊन जाऊ दे यांची खात्री.

सुगंधा : डावा घेतेस का?

दर्शना : उजवाच द्या. लागलं?

सुगंधा : मनगटाला लागलं.

दर्शना : बोटात?

सुगंधा : बोटात काय लागायचंय!

दर्शना : पुन्हा एकदा. जरा जोरात देते.

देवेश : बघा! सपाट रेघ! म्हटलं नव्हतं? वाट लागलीय या मशीनची!

दर्शना : एक मिनिट गप्प बसा.

(दर्शना सुगंधाच्या बोटातल्या रिंगा काढून स्वतःच्या बोटात घालते आणि बटण दाबते. स्क्रीनवर डोंगर उठतो. जिंकलेल्या माणसाचा चेहरा उतरायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ देवेश तो डोंगर बघत राहतो.)

दर्शना : मशीन चालू आहे. मावशी, कुठल्या बोटांना कळत नाही तुमच्या?

सुगंधा : असू दे गं.

दर्शना : सांगा.

सुगंधा : हसशील. अंगठा, ही दोन बोटं, आणि हे अंगठीचं... अर्धंच. करंगळीकडच्या बाजूला कळतं, अलीकडे नाही. अर्धं बोट बधिर होतं का कधी? कोणाला खरं वाटेल? म्हणून बोललेच नाही कुठे.

दर्शना : मला वाटतं खरं. त्या बोटाची दोन नसांत वाटणी असते, अर्धं हिचं, अर्धं तिचं. हे मनाने रचून सांगताच येत नाही, मावशी. पहाटे हात झटकत उठता ना?

सुगंधा : तुला कोणी सांगितलं?

दर्शना : अंगठ्याखालचा उंचवटा बघा. आधी दादांचा बघा, मग तुमचा.

सुगंधा : बसलाय खरा. परवा आईला पेज देताना कप सुटला हातातून. तिच्या छातीवर सांडली. कोमट होती म्हणून निभावलं.

देवेश : मला का नाही सांगितलंस, ताई?

सुगंधा : तुझा अख्खा हात गेलेला. त्यात माझं अर्धं बोट काय सांगत बसू?

देवेश : गेला नव्हता.

सुगंधा : ऐकलं की मी. ठणठणीत म्हणाली ना ती. सुटले बाई! रात्री हात झटकत बसले की तुझाच घोर लागायचा. हा चमचा कसा धरत असेल, शर्टाची बटणं कोण लावत असेल...

देवेश : कधीच गेला नव्हता, ताई.

सुगंधा : कधीच?

देवेश : कधीच.

सुगंधा : गणपतीत माझी नात श्वेता तुला मोदक भरवत होती. सगळ्यांदेखत.

देवेश : हो.

सुगंधा : मी रडले होते रे तेव्हा. भिंतीकडे तोंड करून.

देवेश : बघितलं होतं मी.

सुगंधा : बघितलंस? आणि मोदक खाल्लास?

देवेश : खाल्ला.

दर्शना : मावशी, आजच डॉक्टरांना दाखवून जा. मनगटात नस दाबली गेलीय. ऑपरेशन सांगतील बहुतेक.

सुगंधा : येईल ना परत सगळं?

दर्शना : थोडं आधी यायला हवं होतं. किती येईल ते डॉक्टर सांगतील, मी नाही सांगू शकत. तुमच्या नावाचा कागद करते. त्रास कधीपासून?

सुगंधा : पावसाळ्याच्या आधीपासून.

दर्शना : हाताने काम काय करता?

सुगंधा : घरचंच आपलं. वय झालं, असं लिही.

देवेश : वय नका लिहू. आईला कुशीवर वळवलं, उचललं, चादरी पिळल्या. आठ महिने, एकटीने. ते लिहा.

दर्शना : एकटीने म्हणजे? मदतीला कोणीच नव्हतं?

सुगंधा : राहू दे गं बाय. एवढं कशाला हवंय कागदावर?

देवेश : लिहा मॅडम. भाऊ होता. दोन्ही हात धड होते त्याचे.