बाबा म्हण, मग बिस्कीट

नाही, पण मी म्हणतो, सुट्टी मागितली होती कुणी? मी तर नव्हती मागितली. तुम्हाला सांगतो, सरळ आपला कामावर चाललो होतो, तेवढ्यात ऑफिसातून कागद आला, साठलेली रजा वर्ष संपायच्या आत घ्या नाहीतर बुडेल, आणि त्याच दिवशी पाळणाघराच्या बाईंनी दारावर पाटी लावली, सुट्टीनिमित्त नऊ दिवस बंद, आणि आमची बायको नर्स, तिच्या हॉस्पिटलात लोक काही सुट्टी बघून आजारी पडायचे थांबत नाहीत, उलट सुट्टीतच जास्त पडतात... मग काय, सगळ्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली. बायको म्हणाली, "अरे, तू घरीच आहेस ना, मग गोटीला बघ. आणि साहेबांनाही." का, तर सुट्टी आहे.

गोटी म्हणजे आमची मुलगी, वीस महिन्यांची. गोल आहे आणि हातातून निसटते, म्हणून गोटी. आणि साहेब म्हणजे आमचा कुत्रा. हे नाव बायकोने ठेवलं. म्हणाली, "दिवसभर साहेबांचं ऐकतोस, घरी एक तरी साहेब तुझं ऐकू दे." ऐकत नाहीत ते, तो भाग वेगळा. पण एकदा साहेब म्हटल्यावर अरे-तुरे कसं करणार? जीभच वळत नाही हो. साहेब, उठा. साहेब, सोफा सोडा. साहेब, ती उशी आहे, जेवण नव्हे. आमच्या घरात कुत्र्याला अहो आणि मला अरे, अशी व्यवस्था आहे. बरं, भुंकावं तरी? छे. तीन वर्षांत एकदाही भुंकलेले नाहीत. चोर आला तर त्याची पिशवी धरून उभे राहतील.

दुसऱ्याच दिवशी काय झालं, माझ्या खऱ्या साहेबांचा फोन. मी लिफ्ट दुरुस्त करतो, आणि कुठल्याशा इमारतीच्या मशीनरूमची चावी त्यांना सापडत नव्हती. एका कानाला फोन, कमरेवर गोटी, आणि समोर आमचे साहेब तिचा बूट चावतायत. मी ओरडलो, "साहेब, तोंडातलं आधी बाहेर टाका आणि गुपचूप कोपऱ्यात जाऊन बसा." पलीकडून खरे साहेब हळूच म्हणाले, "मी जेवतोय हे तुम्हाला कसं कळलं?"

जाऊ दे, नोकरीचं बघून घेऊ, नोकरीचं मला काही वाटत नाही. मला वाटतं ते वेगळंच आहे, ते सांगतो.

गोटी बोलते. आई म्हणते, आजी म्हणते, दे म्हणते, जा म्हणते, नको तर असं म्हणते की समोरच्याने हात जोडावेत. पंखा म्हणते. लिफ्टला लिप म्हणते, म्हणजे बापाचा धंदा माहितीये. फक्त बाप माहीत नाही. बाबा म्हणत नाही ती! चूक तिची नाही, मी मान्य करतो. ती उठायच्या आत मी बाहेर पडतो, आणि परत येतो तेव्हा ती झोपलेली असते. रविवार आहे, पण रविवारीच लिफ्ट अडकतात. आणि अडकलेली माणसं आतून कशा हाका मारतात, ऐकलंय कधी? ओ दादा, ओ काका, ओ मामा, ओ लिफ्टवाले... एका आजोबांनी तर घाबरून मला आई म्हणून हाक मारली, मी ओ दिली. परकी माणसं बंद दाराआडून मला नाही नाही ते म्हणतात, आणि घरची पोर साधं बाबा म्हणत नाही.

मागच्या महिन्यात एकदाच लवकर सुटलो, तिला आणायला पाळणाघरात गेलो. बाई म्हणाल्या, "गोटी, कोण आलंय बघ?" गोटीने माझ्याकडे बघितलं. नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत. आणि बाईंच्या मागे जाऊन लपली. मी तिथे हसलो, म्हटलं, लाजते. पण बाहेर येऊन तिला कडेवर घेतलं आणि थोडा वेळ जिन्यातच बसलो. तर आता मिळालेत नऊ दिवस, तर नवव्या दिवशी पोरीच्या तोंडून बाबा निघालं पाहिजे, असं मी मनाशी पक्कं केलं. पुन्हा अशी रजा कधी साठायची, आणि तोवर ती केवढी व्हायची?

पद्धत माझी सोपी होती. तिच्या आवडीचं बिस्कीट घ्यायचं, तिच्यासमोर धरायचं, आणि म्हणायचं, "बाबा म्हण, मग बिस्कीट." ती म्हणायची, "दे." मी म्हणायचो, "बाबा." ती म्हणायची, "दे." मी हात वर न्यायचो, ती रडायची, मी विरघळायचो, हात खाली यायचा, आणि ती घेणार इतक्यात साहेब मागून येऊन अलगद उचलून न्यायचे. अलगद हं, दात लागायचा नाही. "अरे! अरे अरे अरे!" म्हणत मी मागे धावायचो. असं सकाळी दहा वेळा, दुपारी दहा वेळा. तीन दिवसांत दोन पुडे संपले आणि गोटीला त्यातली मोजून चार बिस्किटं मिळाली.

आणि हे सगळं कधी, तर बाकीचं आवरता आवरता. तुम्ही म्हणाल, एक पोर आणि एक कुत्रा, त्यात काय एवढं? या ना एकदा घरी, चावी देतो. मी भात भरवतो, ती तो खाली टाकते, साहेब तो चाटतात, ती टाळ्या वाजवते आणि आणखी टाकते. मी फरशी पुसतो, साहेब ओल्या फरशीवरून फिरायला निघतात. मी साहेबांना पुसतो, तोवर ती बादलीत बसलेली. कपड्यांनिशी! ती झोपली की साहेबांना बाहेर जायचं असतं, साहेब झोपले की ती त्यांच्या कानात पेन घालते. आणि मी आपला या खोलीतून त्या खोलीत, अरे, अरे अरे, अरे, अरे अरे... का, तर सुट्टी आहे.

पाचव्या दिवशी शेजारच्या काकू आल्या, निवृत्त शिक्षिका आहेत. मी बिस्कीट धरून बसलेलो. म्हणाल्या, "अजून बोलत नाही होय? आमची नात नवव्या महिन्यात घडाघडा बोलायची." मी विचारलं, "आता कुठे असते?" म्हणाल्या, "घरीच. अठरा वर्षांची झाली. फोनमधून मान वर काढेल तर शपथ, आठवड्यात शब्द बोलत नाही." आणि बिस्कीट खाऊन गेल्या. माझ्या हातातलं.

सहाव्या दिवशी बायकोने ड्यूटीवरून व्हिडिओ कॉल केला. "गोटी, बाबा कुठेय गं? बाबा?" हे ऐकलं मात्र, आतल्या खोलीतून साहेब धावत आले आणि फोनसमोर बसले, जीभ बाहेर. बायको हसली, मीही हसलो. हसलो हो मी! इथेच कळायला हवं होतं. पण माणूस कामात असला की समोरचं दिसत नाही, आणि मी तर सुट्टीत होतो.

आठवा दिवस. दुपारी मी गच्चीत... गच्ची कसली, स्वयंपाकघराच्या मागे दीड पावलाची जागा आहे, तिथे कपडे वाळत घालत होतो. घरात शांतता. पहिली दोन मिनिटं बरं वाटलं. मग आठवलं, आमच्या घरात शांतता नसते. धावलो. बाहेरच्या खोलीत नाही, मोरीत नाही, आणि आमच्या झोपायच्या खोलीचं दार बंद. त्या दाराच्या मुठीला आतून एक बटण आहे, दाबलं की कुलूप. किल्ली घर घेतल्यापासून कुणी बघितलेली नाही. म्हटलं, हात्तिच्या, मी लिफ्टची दारं उघडतो, हे काय घेऊन बसलात. हत्यारांची पिशवी घ्यावी म्हणून वळलो... आणि आठवलं. पोरीच्या आणि कुत्र्याच्या हाताला लागू नये म्हणून पिशवी मी ठेवली होती कपाटावर. त्याच खोलीतल्या कपाटावर.

तुम्हाला सांगतो, बारा वर्षं मी बंद दारांच्या बाहेर उभा राहतोय. मला पाठ आहे काय बोलायचं ते. घाबरू नका, दाराला हात लावू नका, शांत उभे राहा, मी आलोय. हजार वेळा म्हटलंय. आणि त्या दिवशी माझ्या तोंडून एक शब्द फुटेना. नुसतं आपलं, "अरे... अरे अरे..." आत काय काय आहे ते सगळं डोळ्यांपुढे यायला लागलं, इस्त्री आहे, खिडकी आहे, कपाटावरची ती जड पिशवी आहे. कान लावला. काही नाही. मग धप्प! आणि मग, आतून, स्पष्ट, गोड आवाजात, "बाबा."

मी खाली बसलो.

"बाबा. बाबा. बाबा." अडकलीये हो माझी पोर, आणि हाक कुणाला मारतेय? आईला नाही, आजीला नाही. मी रडायला लागलो. लाज कसली, रडलो! मी दार बडवल्याचा आवाज ऐकून काकू आल्या. "काय झालं हो?" मी म्हटलं, "बाबा म्हणाली." "कोण?" "गोटी. बाबा म्हणाली, काकू." "अहो, ते छान झालं, पण ती आहे कुठे?" "आत अडकलीये." "मग उघडा की दार. लिफ्टवाले ना तुम्ही?"

काकूंनीच त्यांच्या घरातून एक बोथट सुरी आणून दिली. ती दाराच्या फटीत घातली, खाली आणली, कुलपाची जीभ मागे ढकलली, दार उघडलं आणि दोन्ही हात पसरून म्हणालो, "आलो गं राणी, बाबा आला."

कुणी माझ्याकडे बघितलंही नाही.

पावडरीचा डबा खाली पडून फुटलेला, तोच तो धप्प. खोली पांढरी, गोटी पांढरी, साहेब पांढरे. मी खालच्या खणात लपवून ठेवलेला बिस्किटांचा पुडा तिच्या मांडीवर. एक बिस्कीट हातात वर धरून गोटी म्हणाली, "बाबा." साहेब तिच्यापुढे बसले. तिने बिस्कीट त्यांच्या तोंडात दिलं. दुसरं घेतलं. "बाबा." साहेब बसले. दिलं. मी शिकवलं होतं अगदी तस्सं, हात किती वर धरायचा इथपर्यंत.

माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "अरे... अरे अरे अरे..." तेव्हा गोटीने वळून बघितलं, तिचे डोळे चमकले, पांढऱ्या हातांनी टाळी वाजवली, माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाली, "अलेले!"

मला वाटलं, काहीतरी बरळतेय. काकू मात्र हसू दाबत म्हणाल्या, "चुकलं कुठे तिचं? काव काव करतो त्याला आपण काऊ शिकवतो, चिव चिव करते ती चिऊ, म्याव म्याव करते ती माऊ. आता तुम्ही दिवसभर काय करता, सांगा बघू?" वर म्हणाल्या, "भिंतीपलीकडून आठ दिवस मी दुसरं काही ऐकलेलं नाही. तुमची बायकोसुद्धा तुम्हाला अरेच म्हणते की."

संध्याकाळी बायको आली. मी तिला म्हटलं, "बोलली. बाबा म्हणाली." तिने पर्स टाकली, गोटीला उचललं, "खरंच? कुठाय गं बाबा?" गोटीने साहेबांकडे बोट केलं. "आणि हा कोण?" "अलेले." बायको इतकी हसली, इतकी हसली की भिंतीला धरून खाली बसली. मग माझं तोंड बघून थांबली. म्हणाली, "अरे, नाव तरी ठेवलं ना तिने तुला." नवव्या दिवशी मी पुष्कळ प्रयत्न केला. छातीवर हात ठेवून म्हटलं, मी बाबा. तिने माझी समजूत घातली, "नको." आणि साहेबांना मिठी मारली.

काल रजा संपली. आज पहाटे उठलो, आवाज न करता गणवेश चढवला, दाराशी बसून बूट घालत होतो. एरवी कुणी उठत नाही. आतून टप टप पावलं. गोटी, झोपेतून उठलेली, केस उभे, मागे साहेब. बुटांकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं, आणि तिच्या लक्षात आलं. ओठ बाहेर आला. आणि अशी हाक मारली, तुम्हाला सांगतो, सगळ्या जिन्यात घुमली, "अलेलेऽऽ!"

एक बूट घातलेला, एक तसाच, मी धावत गेलो आणि तिच्यापुढे खाली बसलो. तिने माझ्याकडे नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत. मग मुठीतलं रात्रीपासून चोखलेलं अर्धं बिस्कीट काढलं आणि माझ्या तोंडात घातलं. शेजारी साहेब बसलेले, आशेने बघत होते. त्यांना नाही दिलं हं! मला दिलं.

खाल्लं मी. न खाऊन सांगतो कुणाला? शेपटी नाही म्हणून, नाहीतर हलवलीही असती.