चाळीस मिनिटांचा सायलेन्सर

मला कुणी लेबर चार्ज शिकवायला येऊ नका! चेन्नईत कार कंपनीत असताना गाडीचं कुठलं काम किती मिनिटांत व्हायला हवं, हे स्टॉपवॉच लावून ठरवायची माझी नोकरीच होती. शोरूमवाले बिल लावायचे ते माझ्याच आकड्यांवर. पण त्यांचा तासाचा रेट दुप्पट, म्हणून सायलेन्सर बदलायला माझी जुनी गाडी मी तिथल्याच समुद्राकाठच्या तिरुवल्लिकेणी भागातल्या सेल्वमच्या गॅरेजात नेली.

"दोन तासांची मजुरी पडेल, सार," सेल्वम म्हणाला.

"दोन तास? कंपनीच्या पुस्तकात चाळीस मिनिटं आहेत. मीच लिहिलीत!"

"नव्या गाडीवर लिहिली असतील. ही रोज समुद्राची खारी हवा खाते." त्याने पाना माझ्या हातात दिला. "तुम्हीच करून दाखवा."

मी कसला ऐकतोय! बाह्या सरसावून गाडीखाली शिरलो. तासाभराने पहिल्याच गंजलेल्या बोल्टच्या कडा घासून पार गुळगुळीत केल्या, पाना पकड घेईचना, तेव्हा बाहेर आलो.

सेल्वमने वाकून पाहिलं. "आता तीन तास, सार."

तिन्ही तासांचे मुकाट दिले. पण सांगून ठेवतो, चाळीस मिनिटं बरोबरच होती. चुकला असेल तर तो गंज!